पाइप लावून आवळलेले नट

प्रश्न : ताई, माझी झेन २००३ सालची. नवी कोरी घेतली आणि आजवर मीच चालवली. जूनमध्ये चारही टायर बदलून घेतले आणि पुढच्याच आठवड्यात मुलीकडे पुण्याला निघालो. कळंबोलीला एक्स्प्रेस वेवर चढलो तशी पुढच्या डाव्या बाजूने धडधड सुरू झाली. मला वाटलं, बॅलन्सिंग राहिलं असेल. खालापूरजवळ उतरून बघतो तर चारातले दोन नट चक्क बोटांनी फिरत होते! वाटेतल्या एका पंक्चरवाल्याने पान्याला पाइप लावून असे आवळून दिले की मी निर्धास्त झालो. ऑगस्टमध्ये ईस्टर्न फ्रीवेवर नेमकं तेच चाक पंक्चर झालं. भर पावसात सौ. छत्री धरून उभी, मी पान्यावर पाय देऊन उभा, पण एक नट हलेल तर शपथ. शेवटी टो करून आणावी लागली. सैल राहिले तर सुटतात, घट्ट केले तर निघत नाहीत. मग आवळायचे तरी किती? की गाडी म्हातारी झाली म्हणून हे होतंय?
– एक वाचक, माहीम

उत्तर : काका, ‘पाइप लावून आवळले आणि मी निर्धास्त झालो’ हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि आधी चहा टाकला. सैल नटांना तुम्ही जेवढे घाबरलात, तेवढंच त्या पाइपलाही घाबरायला हवं होतं.

गाडीच्या वयाला बोल लावू नका. नट वयाने सुटत नाहीत, गंजाने सुटतात. आणि तुम्ही राहता माहीमला, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. तिथल्या खाऱ्या हवेत बाल्कनीचे गज टिकत नाहीत, तर चाकामागचं उघडं लोखंड काय टिकणार?

चाक कोण धरून ठेवतं असं विचारलं की सगळे म्हणतात, नट. नाहीतर स्टड, म्हणजे हबमधून (ज्याच्यावर चाक बसतं त्या फिरत्या लोखंडी भागातून) बाहेर आलेले ते चार आटेवाले दांडे. पण गाडीचं वजन त्या दांड्यांवर खुंटीला टोपी टांगावी तसं टांगलेलं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या रबरासारखा परत आखडायला बघतो. त्या ओढीने तो रिमला हबवर दाबून धरतो. एकेक स्टड साधारण तीन-साडेतीन टनांच्या जोराने दाबतो. दोन सपाट लोखंडी तोंडं एकमेकांवर अशी गच्च बसली की त्यांच्यातल्या घर्षणानेच चाक जागचं हलत नाही. हा ताण गेला की चाक हबवर सरकायला लागतं, दर फेरीला स्टड जरासा वाकवतं, आणि तार मागेपुढे वाकवून तोडावी तसा तो एक दिवस तुटतो. तुमची धडधड त्या सरकण्याची होती.

आता खरी मेख. स्टडचा तो ताण म्हणजे लांबी किती वाढते? वहीच्या एका पानाच्या जाडीहूनही कमी. म्हणजे रिम आणि हब यांच्यामध्ये पानाएवढा जाड गंजाचा पापुद्रा असेल आणि तुम्ही त्याच्यावर नट आवळलेत, तर हाताला नट घट्ट लागतो, टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ पडल्याचं सांगणारा पाना, तोसुद्धा ‘टक’ म्हणतो. मग दोन-चार खड्डे बसतात, पापुद्र्याचा भुगा होतो, तेवढी जागा मोकळी होते आणि ताण संपतो. नट कोणी सोडवलेला नसतो, तरी तो सैल असतो.

मागच्या महिन्यात माझ्याकडे तुमच्यासारखीच एक झेन आली होती, तीही टायर बदलल्यावर नट सैल होण्याचीच तक्रार घेऊन. चाक काढलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. हबच्या मधल्या गोल उंचवट्याभोवती चिरोट्यासारखे पापुद्रे सुटले होते. तारेच्या ब्रशने दोन मिनिटं घासलं तर मूठभर तांबडा भुगा पडला. रिमची मागची बाजू बघितली, तर तिथे कोणीतरी हौसेने रंग मारलेला, चांगला दोन हात जाड, नट बसतात त्या खळग्यांतसुद्धा. रंगही गंजासारखाच दगा देतो, दाबाखाली चेपत जातो. पॉलिश पेपरने ती तोंडं लोखंड दिसेपर्यंत साफ केली, कोरड्या फडक्याने पुसली आणि मग चाक चढवलं. या कामाला एका चाकामागे दहा मिनिटं लागतात. टायरच्या दुकानात पाच गाड्या हॉर्न वाजवत रांगेत असताना ही दहा मिनिटं कोणी देत नाही. तिथे बसून तुम्हालाच मागून घ्यावी लागतात.

किती आवळायचे? त्या काळातल्या मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना ८५ न्यूटन-मीटर लागतो. तुमच्या गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत आकडा छापलेला असतो, ग्लव्ह बॉक्समध्ये नॅपथलीनच्या वासाची ती पुस्तिका असेलच, तीत खात्री करून घ्या. न्यूटन-मीटरने ज्यांच्या हाताला काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते : नटापासून एक फुटावर पान्याला ३० किलोचं तांदळाचं पोतं टांगलं, तर जवळजवळ तेवढाच पीळ पडतो. आता ७० किलोचा माणूस त्याच जागी उभा राहिला की झाला २०० च्या वर. दोन फुटी पाइपच्या टोकाला तोच माणूस लोंबकळला, तर ४०० च्या पुढे. तुमचा स्टड पोत्यासाठी बनवलाय. पाइपखाली तो रबरासारखा परत येत नाही, च्युइंगमसारखा लांबतो आणि लांबलेलाच राहतो. शिवाय एकच नट असा ओढला की चाकामागची ब्रेकची डिस्क किंचित वाकडी बसते आणि ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग लोक डिस्क बदलतात, पॅड बदलतात आणि नटांकडे कोणी बघत नाही.

माझे वडील गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांनी लालबागला गाळा घेऊन गॅरेज टाकलं. सगळं हाताच्या अंदाजाने. मी १९९६ साली नागदेवी स्ट्रीटवरून काट्याचा टॉर्क रेंच आणला तेव्हा ते हसले. ‘माझा हात काय वाईट आहे?’ म्हणून त्यांनी एका गाडीचे सोळाही नट हाताने आवळले आणि मी मागून एकेक तपासत गेले. पहिल्या तीन चाकांचे बारा नट जवळपास बरोबर निघाले, चौथ्या चाकाचे चारही शंभरच्या पार. बाबा गप्प बसले, मग म्हणाले, ‘शेवटच्या चाकाला जेवायची घाई झाली.’ दुसऱ्या दिवसापासून रेंच त्यांच्याच खुंटीला. चाळीस वर्षांच्या फिटरच्या हाताचं हे, तर कानात इअरफोन घालून हवेच्या गनने नट आवळणाऱ्या पोराचं काय?

हवेच्या गनबद्दल एवढंच : सोडवायला जरूर वापरू दे, आवळायला नको. कॉम्प्रेसरमध्ये हवा किती, नळी किती लांब, पोराने बोट किती वेळ दाबून ठेवलं, त्याच्यावर त्या गनचा जोर ठरतो. ‘भाऊ, शेवटचं हाताने कर, मी थांबतो’ असं म्हणायला लाजू नका.

आता तुमच्या अंगणात, म्हणजे बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये, हे कसं करायचं ते. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट पाव-पाव फेरी सैल करा आणि मग जॅक. सफाई झाली की नट बोटांनीच चढवा, निमुळती बाजू रिमकडे. (हसू नका, उलटे लावलेले नट मी दर महिन्याला बघते.) पाच-सहा फेरे नट बोटांनी सहज गेला पाहिजे. अडला तर पाना लावून रेटू नका, काढून आटे बघा. मग पान्याने हलकेच टेकवायचे, तेही समोरासमोरचे. तबलजी बघा, एका बाजूला हातोडी मारली की लगेच समोरच्या बाजूला मारतो, ओळीने गोल फिरत नाही, नाहीतर एकीकडे चढतो आणि दुसरीकडे उतरतो. चाकाचंही तेच, ओळीने आवळलं की रिम एका अंगाला तिरपी बसते. आता जॅक इतका उतरवा की टायर जमिनीला टेकून फिरायचा थांबेल, आणि टॉर्क रेंच घ्या. पहिला हात ४० वर, दुसरा ८५ वर, पुन्हा समोरासमोर. सावकाश ओढा, एकदा ‘टक’ झालं की थांबा. काहींना तो आवाज इतका आवडतो की टक-टक-टक करत बसतात. प्रत्येक टकीला नट आणखी थोडा सरकतो. काम झालं की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि त्याने नट कधी सोडवू नका. नागदेवीला दोन-तीन हजारांत बरा रेंच मिळतो. तुमच्या मजल्यावरच्या चार गाड्यांत मिळून एक पुरेल.

चाक बसवल्यावर ८० ते १०० किलोमीटर झाले की परत एकदा तपासायचे. तुमचा कार्यक्रम असा ठेवा : टायर बदलले की लगेच घाट चढायला जाऊ नका. चार-पाच दिवस दादर-बांद्रा करा, एका सकाळी गाडी गार असताना खाली उतरून सोळाही नट बघा आणि मग पुण्याला जा. ब्रेक तापलेले असताना तपासू नका, गरम लोखंडावरचा आकडा खरा नसतो.

तुमच्या त्या चाकाबद्दल मात्र थोडं कडक सांगते. आधी ते दोन नट सैल असताना चाललं, मग पाइपखाली आलं. त्या चाकाचे चारही स्टड आणि चारही नट नवे घाला. ‘एक-दोन बघून बदलू’ नको. शेजारचे सैल असताना उरलेल्या दोघांनी सगळा भार सोसलाय. स्टड मागून दाबून बसवलेले असतात, ते प्रेसवर काढून घ्या, हबवर घण घालणाऱ्याकडे जाऊ नका, बेअरिंग जाईल. रिमची भोकंही बघा. लंबगोल झाली असतील किंवा नटाच्या खळग्यापासून गंजाचे ओघळ बाहेर पसरले असतील, तर ती रिम भंगारात. स्टेपनीलाही नको. (स्टेपनी हा शब्द आला वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जोडचाक विकायला सुरुवात केली. आपण तो शब्द असा आपलासा केला की आता तो मराठीच वाटतो.)

आणि रस्त्यावर नट अडलाच तर : आधी गाडी रहदारीतून बाहेर घ्या, फ्रीवेवर खाली बसून चाक बदलणं मुळीच नको. पाना नटावर असा घाला की दांडा तुमच्या डाव्या हाताला आडवा येईल, आणि वरून खाली दाबा. जोराचा धक्का नको, वजन हळूहळू टाका. सोडवण्यापुरता लांब दांडा चालतो. गाडीत मिळणारा वीतभर पाना टाकून सहा कोनी सॉकेट आणि लांब हँडल डिकीत ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक जपानी-कोरियन गाड्यांना १९ नाहीतर २१ मिलिमीटरचा सॉकेट बसतो.

प्रश्न : माझी २००७ ची होंडा सिटी. कुर्ल्याहून जुने पण छान अलॉय (ॲल्युमिनियमची चाकं) मिळाले, गाडीचे मूळचेच नट लावून बसवले. दर पंधरा दिवसांनी नट थोडे सैल मिळतात. मेकॅनिक म्हणतो, आट्यांना चिकटवायचं औषध लावू.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : औषध नको. आधी एक नट काढून त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवा. होंडाच्या मूळ चाकांचे नट तोंडाशी गोलसर असतात, वाटीच्या बुडासारखे. बाजारातल्या बहुतेक अलॉयना भोवऱ्यासारखं निमुळतं, ६० अंशांचं तोंड लागतं. गोल तोंड निमुळत्या खळग्यात ठेवलं की ते एका बारीक रेषेवर टेकतं. तेवढ्याशा रेषेवर सगळा दाब आला की ॲल्युमिनियम चेपतं आणि नट सैल होतो. तुम्ही परत आवळता, ते परत चेपतं. योग्य तोंडाचे नट येईपर्यंत कंपनीची चाकं चढवा, आज संध्याकाळीच.

नट घेताना १२ मिलिमीटर, दीडचा आटा (म्हणजे दोन आट्यांमध्ये दीड मिलिमीटर अंतर) असं सांगून घ्या. मारुतीचे नटही १२ चेच, पण आटा सव्वाचा. दिसायला जुळी भावंडं. एक-दीड फेरा जातात आणि अडतात, तिथे गन लागली की स्टड आणि नट दोन्ही गेले. चाकाचं मधलं भोक तुमच्या हबपेक्षा मोठं असेल तर मापाची रिंगही घाला. सिटीला १०८ न्यूटन-मीटर. खळगे आधीच खोल चेपलेले दिसले, तर अलॉय विकणाऱ्याला परत करा. तो घेणार नाही, पण विचारून बघा.

प्रश्न : पावसाळ्याआधी स्टडला ग्रीस लावून ठेवलं तर नट अडकणार नाहीत ना?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : मलाही तसंच वाटलं होतं. १९९१ च्या मे महिन्यात मी, वय २१, बाबा गावी गेलेले. वडिलांच्या मित्राची मारुती ८०० आली होती. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन सोळाही स्टड ग्रीसने माखले आणि नेहमीच्याच जोराने नट आवळले. दिवाळीला तीच गाडी परत आली. नट निघाले, ते काय सुरेख निघाले! पण परत चढवताना मागच्या उजव्या चाकाचे चारही अर्ध्यावर अडायला लागले. बाबांनी पेटीतला नवा स्टड काढून जुन्याला टेकवला, आटा आट्याला लावून. पहिले पाच आटे जुळत होते, पुढे जुन्याचे हळूहळू मागे पडत गेले. स्टड लांबला होता. चार स्टडचे पैसे माझ्या पगारातून गेले.

झालं असं की नट आवळताना आपण लावतो त्या जोरातला जवळजवळ अर्धा नटाच्या तोंडाशी घासण्यात जातो, दहापैकी चार हिस्से आट्यांमध्ये, आणि उरलेला एखादा हिस्सा स्टड ताणायला. ग्रीसने घासणं कमी केलं की उरलेलं सगळं त्या ताणात जातं. पुस्तिकेतला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. तेव्हा स्टड तारेच्या ब्रशने साफ करा आणि कोरडेच ठेवा. ग्रीस लावायची फारच हौस असेल तर हबच्या मधल्या उंचवट्याच्या कडेला बोटभर पुसट लावा, तिथे चाक गंजून चिकटतं. सपाट तोंडाला आणि आट्यांना नको.

प्रश्न : आजोबांची जुनी विलीज जीप दुरुस्त करतोय. उजव्या बाजूची चाकं निघाली. डाव्या बाजूच्या नटांना पाइप लावला तर दोन स्टड तुटले. तिसऱ्याला गॅसने तापवू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : थांबा! गॅस बंद करा. स्टडच्या टोकावरचा रंग रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि बघा, इंग्रजी एल कोरलेला दिसतो का. त्या जुन्या जीपांना डाव्या बाजूला उलटे आटे असत. फिरणाऱ्या चाकाने नट सुटत जाऊ नये म्हणून तशी सोय होती. पुढे मोटारींच्या दोन्ही बाजूंना सरळच आटे आले. तुम्ही ते दोन नट सोडवत नव्हता, आवळत होता. तिसरा घड्याळाच्या दिशेने फिरवा.